समुद्र एकट्याच्या वाट्याला

सकाळी सात वाजता घरमालकीणबाई येऊन गेल्या. भाडं वाढणार आहे. घर ठेवायचं की सोडायचं, हे त्यांना आज संध्याकाळपर्यंत हवंय. ‘ह्यांना विचारून सांगते,’ एवढंच मी म्हणाले.

या शहरात आलो तेव्हा आपलं ठरलं होतं, घर खुराड्याएवढं असलं तरी चालेल, पण रोज समुद्रावर जायचं. दोघांनी. आता तू पाण्यात असतोस तेव्हा मी बसच्या रांगेत असते आणि परत येते तेव्हा अंधार पडलेला असतो. भाडं मात्र निम्मं माझं.

माझ्या लॅबजवळ मी एक घर बघितलंय. दोन मोठ्या खोल्या आहेत, ऊन येतं, भाडं झेपेल. समुद्र नाही. किल्ली आजच्यापुरती माझ्याकडे आहे. तुझं काम घरूनच असतं, तेव्हा दुपारी ये आणि बघ.

आणि आता खरं तेही लिहिते. मी हाक मारली की तू ‘आलोच’ म्हणून लोळत राहतोस. खालच्या मजल्यावरच्या पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी वाजवली की चहा अर्धा टाकून पळतोस. परवा त्या मला म्हणाल्या, ‘वहिनी, तुमचे हे तर मासाच झालेत हो!’ मी हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

डबा ओट्यावर आहे.

सव्वासात झालेत. खिडकीतून दिसतंय, बाईंकडे पोहायला शिकणारे बाकीचे सगळे बाहेर येऊन अंग पुसतायत. तुम्ही दोघं अजून पाण्यातच आहात.