म्हैसूरचे सात दिवस

अप्पा, काल मी पुन्हा म्हैसूरच्या सहलीचा कागद काढला. तुमचा नव्हे, तो आता कुठे आहे कुणाला माहीत नाही. हा माझा. कचेरीत उरलेल्या ट्रेसिंग कागदाच्या तुकड्यावर, काळ्या शाईने, डावीकडे वार आणि वर तास. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते, म्हणून हे सांगायला हवं की मी स्थापत्याची पदविका घेतली आणि पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढते. कालव्याचे छेद, मोऱ्या, पुलांचे पाये. आमच्या प्रत्येक नकाशाला उजव्या हाताला खाली एक चौकट असते: काढणार, तपासणार, मंजूर करणार. तपासणाऱ्याची सही नसेल तर कागद पुढे सरकत नाही. माझ्या मुलांसाठी काढलेल्या या कागदावरही मी ती चौकट आखली. सवयीने.

तुमचा कागद मिलच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठीवर होता. उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी तुम्ही कुणाकडून तरी आणलेलं रेल्वेचं वेळापत्रक मांडीवर घ्यायचात आणि आम्ही तिघं भावंडं थंड फरशीवर पोटावर पडून ऐकायचो. होटगीला गाडी बदलायची. गदगला भाकरीचं गाठोडं सोडायचं. हुबळीला कुणी खाली उतरायचं नाही. मग म्हैसूर. एक दिवस प्राणिसंग्रहालय, एक दिवस राजवाडा, एक दिवस टेकडीवरचा नंदी, आणि संध्याकाळी बागेतली रंगीत कारंजी. "तितं कानडीच बोलत्यात सगळे. आपल्या कानडीला कोण हसणार न्हाय," तुम्ही म्हणायचात. चुलीपाशी बसलेली आई, आमची अव्वा, म्हणायची, "हितं तरी कोण हसतंय तुमाला, माज्याशिवाय?" राजवाड्यात किती वेळ घालवायचा यावरून धाकट्यांची भांडणं व्हायची. तुम्ही ती गंभीरपणे मिटवायचात आणि कागदावर अर्धा तास इकडचा तिकडे करायचात.

त्या रविवारी मी वेळापत्रक तुमच्या हातातून घेतलं. जाण्याच्या गाड्या वरून खाली वाचायच्या आणि येण्याच्या खालून वर, हे मला नुकतंच उमगलं होतं. तुम्ही दोन्ही वरून खाली वाचल्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, तुमची परतीची गाडी चुकलीय. ही हुबळीहून सुटायच्या आधीच होटगीला पोचते. हिनं आपण घरी येतच नाही." भाऊ हसले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, कागद डोळ्यांजवळ नेलात. "व्हय की. चुकलंच बग माजं." मग कागदाची एक घडी घातलीत, आणखी एक घातलीत आणि तो सदऱ्याच्या खिशात ठेवलात. त्यानंतर एकाही रविवारी म्हैसूर निघालं नाही. पुढच्या दिवाळीआधी तुम्ही गेलात.

आता माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा पाच. मुलाला रक्ताचा आजार आहे. दर बुधवारी त्याला दवाखान्यात सुई घ्यावी लागते, ती चुकवून चालत नाही. गर्दी नको, प्रवास नको, असं डॉक्टर म्हणाले. अजून किती दिवस, हे मी विचारलं नाही. आकडा मिळाला असता तर मी तो लिहून ठेवला असता, आणि मग रोज त्यातून एक वजा केला असता. मुलांच्या वडिलांनी विचारलं की नाही, मला माहीत नाही. घरात त्यावर बोलणं होत नाही. मुलाला एकदा शेजारच्यांनी म्हैसूरच्या बागेचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर दिलं, तेव्हापासून तो तिथे जायचं म्हणतो. म्हणून मी कागद काढायला बसले. हल्ली गाड्या वेळेवर धावतात असं सगळे सांगतात, त्यामुळे वेळा लिहिताना बरं वाटतं.

"पाणी लाल असतं, मग त्यात हात घातला की हात लाल होतो का?" त्याने विचारलं. रंग पाण्यात नसतो, दिव्यात असतो, असं मी सांगितलं. "मग पाणी कसलं?" साधंच. त्याने नळाकडे पाहिलं. "मग आपल्या नळाखाली लाल बॅटरी धरू की." त्याची बहीण म्हणाली, "आणि जिराफ? तो काय बंबामागं बांधायचा?" तो इतका हसला की त्याला धाप लागली. मी त्याला आडवं केलं आणि कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

आता माझ्याकडेच राहणारी अव्वा हे सगळं दारातून बघत होती. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा ती तांदूळ निवडत म्हणाली, "तुज्या अप्पांना मिलमदी सलग आठ दिवस रजा कुटनं मिळणार होती? मरेपर्यंत मिळाली नसती. त्यांना ठावं न्हवतं व्हय?" मिलच्या फाटकावर माणसांची ये-जा मिनिटावर टिपणारा माणूस वेळापत्रक उलटं वाचेल, यावर मी एकोणीस वर्षं विश्वास ठेवला. तुम्ही खरंच चुकलात की परतीची गाडी तुम्ही पाहिलीच नव्हती, हे मला आता तपासता येत नाही. एवढंच कळतं, की आमचं म्हैसूर त्या फरशीवरच होतं आणि ते मी मोडलं.

काल संध्याकाळी मी मुलीच्या हाती पेन्सिल दिली आणि चौकट दाखवली. तपासणार तूच, म्हटलं. तिने बोट ठेवून एकेक वार वाचला. सोमवारी निघायचं, मंगळवारी गाडीतच. बुधवारी प्राणिसंग्रहालय. तिथे तिचं बोट थांबलं. सात दिवसांचा कागद कसाही काढा, त्यात सुईचा बुधवार येतोच. मला ते आखतानाच दिसलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. तो विचारत होता, "बरोबर आहे का गं ताई?" ती म्हणाली, "बरोबर आहे," आणि चौकटीत नीट अक्षरात सही केली.

हा कागदही मी दोन घड्या घालून कंपासपेटीत ठेवणार आहे, तो कुठे पाठवायचा नाही. एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी मला परतीच्या गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. तुम्ही सगळ्यांसमोर शाबास म्हणावं, एवढ्यासाठी मी बोलले होते. तुम्ही म्हणाला नाहीत, याचा राग मी बरीच वर्षं धरला. काल मीही मुलीला शाबास म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर तिने काहीतरी झाकलंय हे तिच्या भावाला कळलं असतं.