दोन जागांची बाबागाडी

५ जानेवारी, रविवार

"लेकरू कडेवर घेतात माय, गाडीत सामान ठेवतात!" — आई म्हणाली होती, वर्धा स्टेशनवर. मी सात-आठ वर्षांची असेन. धाकटी बहीण रक्षा आईच्या कडेवर. सेवाग्रामला आलेलं एक परदेशी जोडपं प्लॅटफॉर्मवरून बाळाला बाबागाडीत ढकलत चाललं होतं. आईला त्या बाळाची इतकी कीव आली की पिशवीतलं एक संत्रं तिने त्याच्या हातात दिलं.

आज ते वाक्य आठवलं, कारण आज मीच आईला सांगितलं — बाबागाडी घ्यायची. दोन मुलांची. आईच्या गुडघ्यांना आता कडेवर कोणी झेपत नाही आणि माझ्या कमरेलाही. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. म्हणजे रुचीला उचलायचं नाही, चंदनला उचलायचं नाही. एक तीन वर्षांची, एक सात महिन्यांचा. त्यांना काय डॉक्टरांची चिठ्ठी दाखवू?

रक्षा बाळंतपणाला आली ती परत गेलीच नाही. सप्टेंबरात डेंग्यू झाला, आठवड्यात सगळं संपलं. तेव्हापासून तिची दोन्ही मुलं इथेच, बोरगावला, माझ्याजवळ. चव्वेचाळिसाव्या वर्षी, लग्न न करता, मी दोन मुलांची झाले. दमते. फार दमते. पण हे फक्त इथे लिहायचं.

८ जानेवारी, बुधवार

निकेशरावांचा, रक्षाच्या नवऱ्याचा, पुण्याहून फोन. लग्न करतायत. मुलगी हिंगणघाटची, प्रेरणा नाव, नोकरीला पुण्यातच. "आई म्हनते, वर्षाच्या आत करा, नाई तं तीन वर्षं थांबा." मला राग आला नाही. कोणी तरी त्यांना जेवायला वाढावं असं मलाही वाटतंच.

मग म्हणाले, "ताई, चंदनले घेऊन जातो मी. लहान हाये, लळा लागन त्याचा. रुचीले सगळं आठवते. प्रेरणाले थे जड जाईन. रुची राहू द्या तुमच्याजवळ."

एक न्यायचा, एक ठेवायची! शेजारणीशी भाजी वाटून घेतात तसं.

मी म्हटलं, दोघांनाही राहू द्या.

"पोरगं माह्यं हाय ना, ताई." आवाज दुखावलेला. त्यांचंही खरंच आहे. सगळ्यांचंच खरं असतं आणि मला झोप येत असते.

९ जानेवारी

आईला सांगितलं. रुचीला नाही. तिला काय सांगणार!

१२ जानेवारी, रविवार

बाबागाडी पाहायला भैय्याजींच्या दुकानात गेलो, दोन्ही मुलांना घेऊन.

"जुळे हायेत का, मॅडम?"

"नाही. ही तीन वर्षांची."

"मंग हे पायी चालन ना! एकाचीच घ्या."

"दोघांची हवी."

त्यांच्याकडे होती ती मागेपुढे बसायची. एक पुढे, एक त्याच्या पाठीशी. दिसायला छान, अरुंद, दारातून सहज जाईल अशी. चंदनला पुढे ठेवलं, रुचीला मागे. ती दोन मिनिटं बसली. मान इकडून काढून पाहिली, तिकडून काढून पाहिली. मग उतरली. "बाळ दिसत नाई. नुसतं छप्पर दिसते."

भैय्याजी म्हणाले, शेजारी शेजारी बसायची पण येते, नागपूरहून मागवावी लागेल. "पन थे लय रुंद. गल्लीत म्हैस आली तं तुमाले मागं सरा लागन."

मागवा म्हटलं.

घरी आल्यावर आईने आपली काठी आडवी धरून दार मापलं. एक झडप कधीची अडकलेली. "नाई जात तुही गाडी."

"व्हरांड्यात ठेवू."

"मांजर वीन त्याच्यात." मग काठी टेकून बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मंजू, एक तं जाऊन राह्यलं. दोघाईची कायले घेतं?"

मनातच म्हटलं, एका जागेची घेतली तर मी हो म्हटल्यासारखं होईल ना, आई.

१४ जानेवारी

संक्रांत. यंदा आपल्याला सण नाही. चंदनचं पहिलं बोरन्हाण, तेही नाही. जिजाबाई शेजारून आल्या, पदरात बोरं घेऊन. "सन नसन तं नसन. बोरं खाले काय झालं?" ओट्यावर ठेवून गेल्या. मी कपडे वाळत घालून आले तर रुची ओंजळीने ती चंदनच्या डोक्यावर ओतत होती. तो हसून हसून लाल. आई पाहत उभी होती. न थांबवता आत गेली. मीही थांबवलं नाही.

१६ जानेवारी

आज रुचीवर ओरडले. दूध सांडलं म्हणून. दूधच ते! ती रडली नाही, फडकं घेऊन आली. त्याचं जास्त वाईट वाटलं.

कधी कधी वाटतं, एक गेला तर रात्रीची झोप तरी मिळेल. वाटतं आणि मग दिवसभर मी त्याच्याशी जास्त प्रेमाने वागते, चोरासारखी.

१९ जानेवारी, रविवार

गाडी आली! ऑटोवर बांधून. निळी. आई म्हणाली, "बाप्पा! हे गाडी हाय का खाट?"

भैय्याजींनी फोनवर बजावलं होतं — पसंत नाही पडली तर परत घेतो, "पन चाकाले माती नाई लागली पायजे." फोन ठेवला, दोघांना बसवलं आणि सरळ मागच्या रिकाम्या प्लॉटवर नेली. तिथे नळाचं पाणी साचतं. आपली काळी माती, एकदा धरली की सोडत नाही. चारही चाकांचे लाडू झाले. आता परत द्यायचा प्रश्नच नाही. किती दिवसांनी हसले मी! कमर भरून आली, तरी हसले.

संध्याकाळी नालवाडीच्या रस्त्याने फिरवून आणलं. मागून मोटारसायकलवाला ओरडला, "मॅडम, ट्रॅक्टर काढला का?" रुची म्हणाली, "हो!" एका हाताने तिने चंदनचा पाय धरला होता. घरी येईपर्यंत सोडला नाही. तो झोपला तरी.

२६ जानेवारी, रविवार

निकेशराव प्रेरणाला घेऊन आले. मी तिला नावडती करायचं ठरवून ठेवलं होतं. जमलं नाही. साधी आहे, थकलेली दिसते, बोटांची नखं खाल्लेली. चंदनसाठी खुळखुळे, कपडे, टोपी. रुचीसाठी केसांच्या क्लिपा — त्या बसस्टँडवर घेतल्या असाव्यात, घाईत.

आई निकेशरावांना चहाला बोलवायला बाहेर गेली तेव्हा प्रेरणा स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "ताई, मी वाईट नाही. पण मोठीची मले भीती वाटते. ते पाहते ना माझ्याकडे, तं वाटते मी काहीतरी चोरून नेऊन राह्यली."

मी कप विसळत राहिले.

चहा झाल्यावर बाहेर रुची तिला गाडी दाखवत होती. "बाळ इकडं बसते. मी इकडं. तुले जागा नाई." मग जरा विचार करून, "तू ढकलजो."

प्रेरणा हसली. ढकललीही, गेटपर्यंत आणि परत. हसताना वेगळी दिसते.

जाताना ते चंदनला घेऊन गेले. आर्वीला, निकेशरावांच्या आईला दाखवायला. दोन-तीन दिवसांत आणतो म्हणाले. कायमचं न्यायचं ते लग्नानंतर.

२७ जानेवारी

रात्रभर झोपले. कोणी उठवलं नाही. सकाळी आरशात चेहरा बरा दिसला. मग रडले.

२९ जानेवारी, बुधवार

रुची रडत नाही, विचारत नाही. गाडीत आपल्या बाजूला जाऊन बसते आणि मला म्हणते, चाल. आज बाजाराला तशीच घेऊन गेले. हात भरले म्हणून कोथिंबिरीची पिशवी शेजारच्या जागेत ठेवली. तिने ती उचलून रस्त्यावर टाकली.

"काऊन गं?"

"तिथं बाळ हाय."

कोथिंबीरवाल्या बाईने उचलून दिली. "ठेवा मॅडम मायाकडे, उद्या न्या," म्हणाली. मला नीट थँक्यूही म्हणता आलं नाही.

जेवत नाही नीट. वरण-भात तोंडात धरून बसते.

३१ जानेवारी, शुक्रवार

आणलं आज चंदनला. आर्वीच्या एसटीतून निकेशराव उतरले, तो त्यांच्या खांद्यावर. मी हात पुढे केले. इतक्या दिवसांचे माझे हात! त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मागे रुची गाडीत बसलेली. तिला पाहून त्याने दोन्ही पाय असे झाडले की निकेशरावांना त्याला सावरता येईना. शेजारी बसवला तेव्हा गप्प झाला. रुचीने त्याच्या तोंडात बोट घातलं, दात पाहायला. "एक आला," मला म्हणाली. आम्हाला कोणाला दिसलाच नव्हता.

रात्री ती दोन वाट्या भात जेवली.

निकेशरावांनीही पाहिलं सगळं. बूट घालताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "लहान हाये ताई, विसरन." कोण, ते बोलले नाहीत.

१ फेब्रुवारी

आज काही लिहीत नाही. नुसती बसले होते, दोघं झोपलेली पाहत.

२ फेब्रुवारी, रविवार

निकेशरावांना फोन केला. म्हटलं, नेणार असाल तर दोघांना न्या. रुचीलाही. मी थकले म्हणून नाही म्हणत. थकले आहे, पण म्हणून नाही.

ते हळूच म्हणाले, "ताई, प्रेरणा नाई तयार होनार."

मला ठाऊक आहे. ती आधी नाहीच म्हणेल. म्हटलं, "तिचा नंबर द्या."