तांदळातली किल्ली

आक्का,

ड्यूटीवरून आलीस की आधी हे वाच, चहा नंतर.

शेजारचे हुक्केरी हुबळीला लग्नाला गेलेत. त्यांची दोन्ही कुत्री रविवारपासून बागेत चिक्कूला बांधलेली. काल त्यांच्या भुंकण्यानं आप्पा वैतागले होते. आज ती भुंकत न्हाईत, म्हणून मी वैतागलोय.

आत्ता भात लावायला डबा उघडला, तर तांदळात त्यांच्या फाटकाची किल्ली! म्हणजे हुक्केरी काकूंनी कुत्री आईवर सोपवली होती गं. मधल्या भिंतीच्या भांडणापासून आप्पांना हुक्केरींकडून आलेला वारासुद्धा चालत न्हाय, म्हणून आईनं किल्ली लपवली. तेवढ्यात आजी पडल्याचा फोन आला आणि आई चिकोडीला पळाली. सांगायचं राहिलंच.

थोरलं कुत्रं सकाळपासून उठलेलं न्हाय. मी भिंतीवरून टाकलेली भाकरी त्याच्या नाकासमोर तशीच पडलीय. पाण्याचं घमेलं पालथं.

मी कळशी घेऊन आत जातोय. त्या कुत्र्यांना फक्त कन्नड कळतं आणि घाबरलो की माझं कन्नड बसच्या तिकिटापुरतं उरतं. चावायला आलीच तर दोघांकडं चिकोडीचं एक फुल तिकीट मागीन.

तू गुरांच्या डॉक्टरांना फोन लाव आणि ताबडतोब फाटकाशी घेऊन ये. आप्पांना खरं सांग, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

आईचा फोन आला तर कुत्री खाऊन-पिऊन बरी आहेत म्हण. ते खरं करायलाच चाललोय.

प्रशिक