हाक कोण मारणार

३ जून
नव्या घरी आलो. सामान लागायच्या आतच टिल्लीने खिडकीजवळची जागा बळकावली आणि रिकाम्या खोलीत गिरक्या घेतल्या. लेक सात वर्षांची आहे. पुढचा दात पडल्यापासून शाळेला ‘थाळा’ म्हणते. ताई समोरच्याच इमारतीत राहते. तिला मूल नाही, टिल्लीवर फार जीव. टिल्लीची आई, आमची ही, जाऊन पाच महिने झाले. आज घरात पहिल्यांदा हसणं ऐकलं.

४ जून
नोकरी ताईनेच शोधली. जुन्या फोटोंवरचे डाग संगणकावर काढायचे. फोटो मोठा करत गेलं की नुसते ठिपके उरतात, आणि आपण त्यांत उतरत जातो. दिवसभरात हिची आठवण आली नाही. लाज वाटली, बरंही वाटलं.

इथे एक नियम आहे. कामात बुडालेल्याला कुणी हलवायचं नाही. दचकून हात हलला तर सगळं बिघडतं. वहीत एकाचं नाव लिहायचं, त्यानेच फोन करून उठवायचं. दाराशी काळ्याभोर अंबाड्याच्या बाई बसतात. त्यांनी विचारलं, तुम्हाला हाक कोण मारणार? मी ताईचं नाव लिहिलं. चारला टिल्लीची शाळा सुटते. ताई म्हणाली, अरे वेड्या, हे काय सांगायला हवं? बरोबर पावणेचारला फोन आला.

१२ जून
फोन साडेपाचला आला. टिल्लीला ताईच घेऊन आली होती. म्हणाली, इतका रमला होतास, कशाला उठवायचं. टिल्ली रुसली नव्हती. तेच जरा लागलं.

१३ जून – नाही. संगणकावर ९ ऑगस्ट.
फोन आलाच नाही. मान दुखली म्हणून वर पाहिलं. डब्यात बुरशी होती. दाढी बोटभर. धावत ताईकडे गेलो. दार टिल्लीने उघडलं. तिला नवा दात आलाय, पूर्ण. ताई म्हणाली, रोज फोन करत होते, तूच उचलला नाहीस. मी तिची माफी मागितली.
उद्या काम सोडतो. एक फोटो अर्धा राहिलाय, तेवढा करून –

तारीख बघवत नाही
फोनमध्ये १२ जूननंतर ताईचा एकही फोन नाही. बाईंकडे वही मागितली. माझ्या नावाखाली लिहिलंय, १३ जून, ‘हाक मारू नये. मुलगी माझ्याकडे राहील.’ हे अक्षर मी ओळखतो. मला गिरवायला ताईनेच शिकवलं होतं.
बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं तुमचीच तशी इच्छा. त्यांचा अंबाडा पांढरा झालाय.
ताईच्या घरात दुसरंच कुटुंब. माझ्याही. ताई टिल्लीला घेऊन कुठे गेली, कुणाला ठाऊक नाही. परत येऊन खुर्चीत बसलो. दुसरी जागा कुठे आहे?

मंगळवार
एक उंच मुलगी फोटो घेऊन आली. म्हणाली, अहो, जरा ऐकता का. फोटोत आमची ही. मांडीवर दात पडलेली टिल्ली. शेजारी मी, चेहऱ्यावर काळा डाग. सात वर्षांची असताना वडील सोडून गेले, असं आत्याने सांगितलंय. माणूस दिसायचा कसा, एवढंच बघायचंय म्हणाली.
मी सांगितलं, तो मीच. ती मागे सरली. चेष्टा करू नका म्हणाली. दारापर्यंत जाऊन थांबली. आधी चेहरा साफ करून दाखवा, चारला येते. नंतर तिची गाडी आहे, पुन्हा येणं नाही.
बाईंना विनवलं, चारला मला हलवा. म्हणाल्या, वहीत हाक मारायला माझं नाव नाही हो, ताईंचं आहे.
आता सव्वाअकरा. घड्याळ बघत बघत करीन.

पावणेबारा. कपाळ झालं.

दीड. एक डोळा. हिच्याकडे बघतोय.

तीन वीस. ओठ तेवढे राहिले. पाच मिनिटांचं काम –

दार वाजलं का –

नखं – एवढी –
ओठ झाले. हसतोय मी. टिल्ली, हे बघ –
दाराशी कुणी तरुण बाई बसलीय. वही पुढे करून विचारते, तुम्हाला हाक कोण