अकरावं ताट

आई, या वर्षी नाताळचं सगळं सामान मी एका संध्याकाळी आणलं. जयगडहून ऑफिसची बस आली, बाजारात उतरले, रवा, साखर, तूप, खोबरं, आख्खे काजू असं सगळं पिशवीत भरलं, मोबाईल दाखवून पैसे दिले आणि तासाभरात घरी. तुला हे मुळीच आवडलं नसतं. तुझा नाताळ जानेवारीत सुरू व्हायचा. रेशनची साखर आली की पहिली वाटी फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात जायची आणि उरलेली चहाला. नारळ फोडला की अर्धी कवड सुकायला. पाली रस्त्यावरच्या कारखान्यात तू काजूच्या बिया फोडायचीस, तिथे कामगार बायकांना फुटक्या काजूची कणी कमी भावात मिळायची. पगाराच्या दिवशी तू पावशेर कणी आणायचीस, मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस वाळवून फडक्यात बांधायचीस. पावसाळ्यात त्या डब्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, कारण झाकण उघडलं की साखर पाणावते. एकदा मी पोळीवर घालायला चिमूटभर मागितली, तर तू म्हणालीस, "ती आपली न्हाय गो. ती लोकांची हाय."

लोकांची म्हणजे अकरा घरांची. ईदेला शीरखुर्मा यायचा, गणपतीत मोदक, जयंतीला लाडू, दिवाळीला फराळ, आणि आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही हा तर कोकणातल्या प्रत्येक घरचा नियम. बाकीच्या बायका चिमूटभर साखर घालून ताट परत करत. तू मात्र ताट घासून मांडणीवर उभं करायचीस आणि नाताळला भरूनच पाठवायचीस. "हिच्याकडे गेलेलं ताट नाताळशिवाय घर बघत नाही," अशी थट्टा व्हायची, आणि तूही हसायचीस. मांडणीवर किती ताटं उभी आहेत यावरून तू करंज्या मोजायचीस. तुझं वर्षाचं बजेट ते. बाबा गेल्यावरही त्यातलं एक ताट कमी झालं नाही.

अकरावं ताट वळणावरच्या बंगल्यातल्या काकूंचं. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते. तुला टायफॉइड झाला तेव्हा काकूंनी पंधरा दिवस दोन्ही वेळची पेज पाठवली होती, मीठ-लोणच्यासकट. "तिच्या पेजेवर मी उटलंय," असं तू शंभरदा सांगितलं असशील. त्यांच्या ताटात करंज्या दोन जास्त आणि त्याही तळणीतल्या उजव्या. स्टीलचं जाड ताट होतं, काठावर काकूंचं नाव कोरलेलं.

त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती हेही तुला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की दहावीच्या वर्षी मधल्या सुट्टीत ती सगळ्या मुलींसमोर हसत म्हणाली, "हिच्याकडून आमच्याकडे नाताळला करंज्या येतात. हिच्या आईची बोटं बघा एकदा, काळीकुट्ट. तरी आमची आई आवडीने खाते." आज ऐकते तेव्हा तिचं शेवटचं वाक्य ऐकू येतं. त्या दिवशी फक्त मधलं ऐकू आलं. काजूच्या टरफलाच्या तेलाने तुझी बोटं पेरापर्यंत काळी झालेली, कातडी सोललेली. राख लावून फोडलंस तरी ते तेल शिरायचंच. नाताळच्या आदल्या आठवड्यात तू लिंबाच्या सालीने हात घासघासून लाल करायचीस आणि मगच पिठाला लावायचीस. ते घासणं मी रोज बघत होते. तरीही मला लाज वाटली. तुझी वाटली, आई, हे स्पष्टच लिहिते.

तो नाताळ. सकाळची उपासना झालीये, दारात कागदी चांदणी हलतेय, आणि तू एकेक ताट विणलेल्या रुमालाने झाकून माझ्या हातात देतेयस. दहा घरं मी बिनबोभाट केली. अकरावं ताट घेऊन वळणापर्यंत गेले, बंगल्याच्या अंगणात ती मुलगी आणि वर्गातल्या आणखी दोघी बॅडमिंटन खेळताना दिसल्या, आणि माझे पाय आपोआप पाणी साठलेल्या जुन्या चिरेखाणीकडे वळले. खाणीच्या कडेला उभी राहून मी फराळ खाली ओतला. करंज्या पाण्यात पडल्या, आधी तरंगल्या. ताट फेकवेना, त्यावर नाव होतं. ते स्वेटरखाली लपवून घरी आणलं आणि माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेत तळाशी घातलं. तू विचारलंस, "काय म्हनली गो काकू?" मी म्हटलं, "छान झाल्यात म्हणाल्या." तेवढ्याने तुझा दिवस गोड झाला.

पुढच्या दिवाळीला काकूंचं ताट आलं नाही. तू दोन दिवस दाराकडे बघत होतीस. मला वाटलं विसरशील. तू विसरणारी नव्हतीस. "माझंच काय तरी चुकलं," म्हणालीस. "कणी खवट लागली आसंल. कणीच ती." मग उरलेल्या दीड महिन्यात तू जे केलंस ते मला आजही नीट आठवायला नको वाटतं. तुझे डोळे अधू झाले होते, बी नाकाशी धरून फोडायचीस, चष्म्यासाठी पैसे बाजूला ठेवले होतेस. त्या पैशांतून तू आख्खे काजू आणलेस, बाजारभावाने. साजूक तूप आणलंस. आणि आपल्या स्वतःच्या ताटात पंधरा करंज्या रचून म्हणालीस, "त्यांनी पाठवलं न्हाय म्हनून काय झालं, पेज मी खाल्लेली हाय. जा, देऊन ये."

या वेळी लाज नव्हती, भीती होती. ताट नेलं असतं तर काकूंनी विचारलं असतं, गेल्या वर्षी काय झालं, आणि आमचं ताट कुठंय. मी पुन्हा खाणीवर गेले. आख्खे काजू पाण्यात टाकवेनात म्हणून तिथेच बसून खाल्ले. नवव्या करंजीलाच पोट भरलं, तरी पंधरावीपर्यंत खात राहिले. घरी येऊन रिकामं ताट ठेवत म्हटलं, काकू घरात नव्हत्या, मुलीने करंज्या काढून घेतल्या. तू चष्म्यावाचून माझ्याकडे बघत होतीस. माझ्या हनुवटीला करंजीचा भुगा लागला होता की नाही कोण जाणे.

त्यानंतरच्या दिवाळीलाही ताट आलं नाही तेव्हा तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. त्यास्नी आपलं नको आसंल." मासळी बाजारात काकू दिसल्या की तू दुसऱ्या रांगेत जायचीस. विचारायला जायचं तुझ्या मनातही आलं नाही, कारण "आमचा फराळ का नको" असं कुणी विचारतं का? आणि "आमचं ताट परत द्या" असं काकू तरी म्हणणार का? दोन चांगल्या बायकांच्या या शहाणपणावर माझं खोटं वर्षानुवर्षं सुखाने जगलं. तू गेलीस त्या दिवशी काकू दफनभूमीच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. आत आल्या नाहीत. मी त्यांना आत बोलावलं नाही.

गेल्या महिन्यात दवाखान्यात काकू भेटल्या. काठी आहे आता, नजर मात्र शाबूत. माझा हात धरून म्हणाल्या, "ताटाचं मला कधीच काय वाटलं नाय गो. ताट काय, बाजारात मिळतं. पण तुझ्या आईने करंज्या पाठवायचं बंद केलंन ते लागलं. माझं काय चुकलं ते सांगितलंन नाय कधी." म्हणजे त्याही इतकी वर्षं स्वतःचीच चूक शोधत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. माझा नंबर पुकारला आणि मी उठून आत गेले. नंबर माझा नव्हताच, पुढच्या बाईचा होता.

म्हणून हे सामान, आई. परवा रात्री करंज्या केल्या. कडा नीट मुडपल्या नाहीत, चार तर तेलात उलल्या. ट्रंकेतून ताट काढलं, घासलं, भरलं, रुमालाने झाकलं. काल संध्याकाळी वळण ओलांडून, खाणीकडे न बघता, सरळ बंगल्यावर गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. पहिलं वाक्य बसमध्ये पाठसुद्धा केलं होतं.

काकूंनी रुमाल उचलला. करंज्यांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बोटाने काठावरचं नाव चाचपत राहिल्या, आणि डोळे भरून म्हणाल्या, "ठेवलंन होतंन ना गो जपून! मला वाटायचंच. रागावली असंल, पण टाकायची नाय ती माझं ताट. तिनेच सांगितलंन ना तुला, परत दे म्हणून?"

पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं. मी "होय" म्हटलं.

त्यांनी तुला माफ केलं, आई. तू न केलेल्या गोष्टीची माफी त्यांनी माझ्यासमोर, पदराने डोळे पुसत दिली, आणि मी ती तुझ्या वतीने घेऊन आले. निघताना त्यांनी करंज्या काढून घेतल्या आणि त्याच ताटात वाटीभर साखर घालून ते मला परत दिलं. "आता पुढच्या नाताळलाच आण," म्हणाल्या, "तिच्यासारखं." ताट मांडणीवर उभं केलंय. साखर अजून ओट्यावरच आहे, तुझ्या डब्यात घालायला हात धजत नाही. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सगळं लिहिलं. एकच राहिलं. "होय" म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं.