आईला ऐकू आलेला बोलपट

लंडन, ३ फेब्रुवारी १९३०

ती. हिल्डाताईस, अर्नेस्टचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. दिवसभर दिव्यांसमोर उभं राहिल्यावर संध्याकाळी हातात पेन धरवत नाही.

माझा पहिला बोलपट पुढच्या महिन्यात आपल्या गावात लागेल. सरदार झालोय, मिशी आहे, हसू नकोस. पण त्यात आवाज माझा नाही. आपलं लँकेशरचं बोलणं सरदाराला शोभत नाही म्हणे. मी नुसते ओठ हलवतो आणि आडोशाला उभा राहून लंडनचा एक गृहस्थ माझं बोलतो. आधी नाव बदलून हॅस्लमचा ड्रेक केला, आता आवाजही गेला. नाक तेवढं माझं उरलंय.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला ऐकूच येत नाही, तेव्हा कळायचंही नाही. मी मजेत आहे म्हणून सांग. एकतीस मार्चला, सोमवारी, पुढच्या तीन वर्षांच्या करारावर सही करायची आहे. सगळं असंच बिनआवाजाचं काम. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो गं.

लोभ आहेच, या दमलेल्या भावावर थोडा जास्त असू दे.

तुझा अर्नेस्ट

बर्नली, १८ मार्च १९३०

चि. अर्नेस्ट यास, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू शहाणा की दीडशहाणा? आई बहिरी झाली कशाने? चाळीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात उभी राहिली म्हणून ना? आणि त्या खडखडाटात आम्ही विणकरणी बोलतो कशा? ओठ वाचून! एवढंही विसरलास? तुझ्या त्या मूकपटात मरणाऱ्या बापाच्या उशाशी बसून तू बूट चावतायत म्हणाला होतास, तेव्हा ते ओठांवर वाचून अख्खं थिएटर खिदळलं होतं.

शनिवारी आईला घेऊन गेले. पुढच्या चार रांगा गिरणीतल्या बायकांच्याच. आवाज नि तुझे ओठ छान जुळत होते. मग शेवटचा खिडकीतला प्रवेश आला. आवाज म्हणत होता, प्रिये, तुझ्यावाचून मी कसा जगू. आणि तुझे ओठ म्हणत होते, आई गं, थकलो मी, मला घरी यायचंय.

एकही बाई हसली नाही. शेजारच्या मिसेस पिकपने शाल डोळ्यांना लावली. हळूहळू चारही रांगा वळून आईकडे बघायला लागल्या. बाहेर आल्यावर आई एवढंच म्हणाली की पोरगा वाळलाय. काल परत सिनेमाला गेली, आजही गेलीय. कराराचं मी तिला सांगून टाकलं, माझ्याने लपवलं गेलं नाही. आता उठता बसता विचारते, सही केली का त्याने. काय सांगू, तूच कळव.

रागावले असले तरी माया कमी नाही, हे जाणून असावे.

तुझी ताई

लंडन, २२ मार्च १९३०

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुद्दाम नाही गं केलं. तो प्रवेश सतराव्यांदा चालला होता. वाक्य डोक्यातून पुसलं गेलं, ओठ तर हलवायचे होते, मग जे आत होतं तेच बाहेर आलं. दिग्दर्शक म्हणाले, वा, डोळ्यांत काय विरह आहे! इथे कुणालाच कळलं नाही.

बाबा गेले तेव्हाही मी आलो नाही. नाव काढल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही, असं बारा वर्षांपूर्वी सांगून निघालो होतो. आता सगळ्या गावाला कळल्यावर कुठल्या तोंडाने येऊ? एकतीसला सही करून टाकतो. आईची समजूत तू घाल.

आहे तसा सांभाळून घ्या.

अर्नेस्ट

बर्नली, २६ मार्च १९३०

चि. अर्नी यास, आईचा आशीर्वाद.

हिल्डा लिहायला बसली होती, मीच पेन ओढून घेतलं.

रविवार सोडून नऊ दिवस थिएटरात गेले. तू पडद्यावरून म्हणायचास, घरी यायचंय. मी खुर्चीतून म्हणायचे, ये की मग, कोण अडवतंय. नऊही दिवस ऐकलं नाहीस. बहिरा तू की मी? काल सिनेमा उतरला. आता तू दिसायचा नाहीस, म्हणून हे लिहितेय.

गाव काय म्हणतं ते मला विचार, सगळ्यांचे ओठ मला दिसतात. मिसेस पिकप म्हणते, त्याला बटाटा भरून भाजलेली पोळी आवडायची, करून ठेवते. बाकी कुणी काही म्हणत नाही.

वरची गादी शेकोटीपुढे वाळवली. सहीचं सोमवारी बघू, तू शनिवारच्या गाडीने ये. मी फलाटावर असेन. गाडी थांबायच्या आधी खिडकीतूनच बोल, मला ऐकू येईल.

तुझी आई