आजीचं घंगाळ

ती. आईस,
यशोधराचा जय भीम. बदलीच्या गावी मी बरी आहे, वेळेवर जेवते. आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र. एकटीच वाच.

काल इथलं छोटं संग्रहालय बघितलं. एक तांब्याचं घंगाळ होतं, म्हणे निजामशाहीतलं! मला काठावरचा पोचा ओळखीचा वाटला. मागून हात फिरवला, तर टिंबाटिंबांनी घातलेलं आजीचं नाव बोटांना लागलं: चांगुणाबाई.

पाटीवर होतं, 'भेट : रंगनाथ भिंगारदिवे, खर्डा'. म्हणजे आपले बाबा!

घंगाळ चोरलं म्हणून तू शेजारच्या शकुंतलामावशींशी बोलणं टाकलंस. तेव्हा सगळ्यात जास्त शोधाशोध बाबांनीच केली होती ना?

त्यांचा खोकला कसा आहे? त्यांना इतक्यात काही विचारू नकोस. आधी मावशींकडे जाऊन ये.

तुझी,
यशोधरा